ब्लेडं घ्यायला गेलो आणि बांगड्या घेतल्या

नोकरी लागून वर्ष झालं होतं आणि लग्न होऊन सहा-सात महिने. या दोन्हींपैकी नोकरीतलं मला थोडंफार कळायचं. कचेरीत कारकून होतो. निजामाच्या अमलात शाळा उर्दूत झाली, राज्य गेल्यावर कारभार मराठीत आला, त्यामुळं माझ्या टिपणांना जुने आणि नवे असे दोन्हीकडचे साहेब सारखेच हसायचे. ते चालायचंच. लग्नातलं मात्र मला अजिबात कळत नव्हतं, आणि कळून घ्यायची सोयही नव्हती.

धाराशिवात आमचं घर म्हणजे आई, वडील, चुलता, चुलती, त्यांची पोरं आणि त्यात कुठंतरी मी नि माझी बायको. अशा घरात नव्या नवऱ्यानं दिवसाउजेडी बायकोशी बोलायचं नसतं. असा नियम कुणी केलेला नव्हता, पण मोडायची माझी छाती नव्हती. पाणी हवं असलं की मी आढ्याकडं बघून "पाणी" म्हणायचो आणि जो हात तांब्या पुढं करील त्याच्याकडं न बघता तांब्या घ्यायचो. एकदा बायकोचाच हात असणार असं धरून जरा लाडात बोट दाबलं, तर तो चुलत्याचा निघाला. चुलता म्हणाला, "ताप-बीप आलाय का रं तुला?"

तर अशा संसारात दिवाळीनंतर बायको माहेराहून परत आली ती घुम्यासारखी. तिचं माहेर लोहाऱ्याजवळचं माकणी. तिसऱ्या दिवशी कंदील बारीक करताना म्हणाली, "आमच्या चुलतबहिणीनं चार बायकांत माझा हात धरला. म्हणाली, नोकरदाराच्या घरी दिलंय म्हणं हिला, हातातल्या काचा तर खुरपायला जाणारीच्या हायत." ही चुलतबहीण सोलापुरात दिलेली. तिच्या बोलण्याला गावात वजन होतं. बायको पुढं एवढंच म्हणाली, "माघात धाकटीचं लगीन हाय. मी न्हाई जाणार."

सख्ख्या धाकट्या बहिणीचं लग्न, आणि ही जाणार नाही! मी म्हणालो, "मी बघतो." नवीन नवऱ्याला असलं बोलायला फार आवडतं. काय बघणार, कसं बघणार, याचा पत्ता नसतो.

अडचण अशी होती की घरातल्या बायकांच्या हातात काय असावं हे माझी आई ठरवायची. आई वाईट नव्हती. तिचा हिशेब साधा होता. सून जात्यावर बसणार, शेण काढणार, धुणं आपटणार. चांगल्या काचा घातल्या काय न् साध्या घातल्या काय, आठ दिवसांत फुटायच्याच. तिच्यापुढं जाऊन "माझ्या बायकोला चांगल्या बांगड्या घे" म्हणणं म्हणजे चारचौघांत बायकोचा बैल म्हणून घेणं. म्हणून मी ठरवलं, गुपचूप आणायचं.

बाजारात मशिदीलगतच्या गल्लीत एका मनियाराचं दुकान होतं. बांगड्या, आणि बायकांच्या सजण्याचं जे जे काही असतं ते सगळं. काचेच्या कपाटात स्नोच्या बाटल्या, पावडरचे डबे, सुरमेदाण्या, अत्तराच्या कुप्या, कुंकवाखाली लावायच्या मेणाच्या डब्या. वर दोरीला रिबिनी आणि गंगावनं टांगलेली. त्या केसांच्या शेपट्या वाऱ्यानं हलायच्या आणि आत शिरणाऱ्या पुरुषाच्या टोपीवर हात फिरवल्यासारख्या करायच्या. गल्ल्यावर दुकानाचे मालक चाचा, पांढरी दाढी, डोळ्यांत सुरमा. मागं हिरवा पडदा. पडद्याआड चाची बसायच्या आणि बायकांच्या हातात बांगड्या भरायच्या.

पहिल्या दिवशी मी आत गेलो. चाचा म्हणाले, "या, बसा साहेब. क्या होना?" मी कपाटभर नजर फिरवली. समोर दाढीची ब्लेडं दिसली. म्हणालो, "ब्लेड." चाचांनी पुडकं दिलं, मी घेतलं आणि बाहेर पडलो. दोन दिवसांनी पुन्हा गेलो, दुकानात दोन बायका होत्या, पुन्हा ब्लेड घेतलं. तिसऱ्या वेळी दुकान रिकामं होतं, म्हणजे तर जास्तच भीती. पुन्हा ब्लेड. चाचांनी पुडकं कागदात गुंडाळता गुंडाळता माझ्या हनुवटीकडं बघितलं. तिथं तेव्हा माळावरच्या गवताइतकंही पीक नव्हतं.

"साहेब, बुरा मानू नका," ते म्हणाले, "दाढी लई जोरात आहे वाटतं तुमची."

पडद्याआड कुणीतरी खोकलं. आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी म्हणालो, "स्नो आहे का?"

दुसरा कुणी दुकानदार असता तर "कुणासाठी?" म्हणाला असता, आणि मी तिथूनच पळालो असतो. चाचांच्या दुकानात तो प्रश्न विचारत नसत. त्यांनी बाटली काढली, झाकण उघडलं, माझा उजवा हात पुढं घेतला आणि मागच्या बाजूला बोटभर स्नो लावून चोळला. "बाहेर पायरीवर जाऊन उजेडात बघा. तसल्लीनं. कंदिलाखाली सगळंच चांगलं दिसतं." मी पायरीवर उभा राहून हात बघितला. एक हात माझा आणि एक हात कुणातरी इंग्रजाचा, असं दिसत होतं. तसाच कचेरीत गेलो. हेडक्लार्कनी फाईल घेताना नाक वर केलं, आजूबाजूला हुंगलं आणि शिपायाला म्हणाले, "खिडकी उघड. बाहेर कुणाचं तरी लग्न दिसतंय."

दुसऱ्या दिवशी पावडरसाठी गेलो. तिथं एक प्रश्न आलाच, पण तोही चाचांनी किती अदबीनं विचारला! "ज्यांच्यासाठी न्यायची, त्यांचा रंग कसा आहे? त्याप्रमाणं देता येईल."

मी विचार केला. खरंच विचार केला. दिवसा मी तिच्याकडं बघत नव्हतो, आणि दिवस मावळल्यावर जे दिसायचं ते दिसायचं. म्हणालो, "कंदिलात गोरी दिसतात."

चाचांनी दाढीवरून हात फिरवला आणि गोऱ्या रंगाची पावडर काढून दिली. पडद्याआड जे चाललं होतं ते खोकणं नव्हतं. मग पडद्याआडून आवाज आला, "उनकू पूछो जी, हाथ कैसा है? भरा हुआ के पतला?"

मला उर्दू चांगली येत होती, आख्खी शाळा तीत झालेली. तरी चाचांनी कायदेशीरपणे मराठी केलं, "हात कसा आहे विचारतात. भरलेला का बारीक?"

"हात म्हणजे…" मी म्हणालो, "दोन आहेत."

हे ऐकून चाचा स्टुलावर बसले. हसले नाहीत. गिऱ्हाइकावर हसायचं नाही हे त्यांनी आयुष्यभर पाळलं असावं, पण त्या दिवशी त्यांना ते जड गेलं. सुरमा लावलेले डोळे पुसून म्हणाले, "असं करा साहेब. घरात वापरातली एखादी बांगडी असेल ना त्यांची? ती घेऊन या. माप बिनचूक येईल. तोवर रंग बघून ठेवा."

मग बांगड्या दाखवल्या. लांब काठ्यांवर ओवलेल्या, एकेक काठी माझ्यासमोर आडवी ठेवत. मी पिवळ्याधमक निवडल्या, त्यावर लाल ठिपके. चाचांनी 'नको' म्हटलं नाही. फक्त त्या उचलून मोरपंखी बांगड्यांच्या शेजारी ठेवल्या आणि गप्प बसले. त्या मोरपंखींच्या कडेला बारीक सोनेरी वर्ख होता. पिवळ्या त्यांच्याशेजारी मला बैलपोळ्याच्या बैलाच्या गळ्यातल्या वाटायला लागल्या. मी म्हणालो, "ह्याच मोरपंखी." चाचा म्हणाले, "वा! नजर आहे तुमची." माणसाला फसवून शहाणं म्हणणं ही फार वरची कला आहे.

आता बांगडी आणायची. बायकोला मागायची म्हणजे आधी बोलायची वेळ गाठायला हवी, आणि नेमकी त्या आठवड्यात मुरूमची मावशी पाहुणी आलेली. बायको बायकांत झोपायची, मी ओसरीवर चुलत्याच्या घोरण्याशेजारी. शेवटी मीच शोध लावला. न्हाणीघराच्या कोनाड्यात एक हिरवी बांगडी ठेवलेली होती. न्हाणीघराच्या कोनाड्यात बांगडी, म्हणजे तरुण बाईची, म्हणजे माझ्या बायकोची. कचेरीत मी असल्याच तर्कावर प्रकरणं निकाली काढत असे. टोपीखाली बांगडी लपवली आणि दुकान गाठलं.

पडद्याआडून एक हात आला, बांगडी घेऊन गेला. मग चाची हसायला लागल्या त्या थांबेचनात. मला वाटलं, बांगडीत काही अडकलंय की काय.

"ये तो मैंच भरी थी," त्या म्हणाल्या. आणि मग सरळ माझ्याशी मराठीत, पडद्यातूनच, "साहेब, ही तुमच्या आईची हाय. श्रावणात भरली म्या. एक जास्तीची झाली म्हणून काढून ठेवली त्यांनी. सुनेला घातली तर खांद्यापर्यंत जाईल!"

इतके दिवस माझा समज की इथं मला कुणी ओळखत नाही. "तुम्ही आम्हाला ओळखता?"

"तुमच्या वालिदांपासून," चाचा म्हणाले. "पण गिऱ्हाईक स्वतः सांगत नाही तोवर आपण ओळखायचं नाही."

मग मी सगळं सांगून टाकलं. सोलापूरची चुलतबहीण, खुरपणाऱ्या बाईच्या काचा, माघातलं लग्न, आणि बायको जाणार नाही म्हणतेय ते. सांगताना मला स्वतःलाच कळलं की एवढे दिवस मी ब्लेडं आणि स्नो यांत गुंतून पडलो होतो, आणि ती मात्र घरात एकेक दिवस सख्ख्या बहिणीच्या लग्नाला न जायची तयारी करत होती. चाची ऐकत होत्या. मध्ये एकदाच बोलल्या, "चार बायकांत हात धरला?" मी हो म्हणालो. पडदा जरा हलला.

"मग तुम्ही इथनं बांगड्या नेऊ नका," त्या म्हणाल्या. "तुम्ही नेल्या तर तुमच्या आईला कळंल, आणि मग तुमच्या बायकोला त्या सुखानं घालता यायच्या न्हाईत. येत्या आईतवारी मीच येते घरी. नवा माल आलाय म्हणून. मोरपंखींची पुडी टोपलीच्या तळाला असंल. तुम्ही फक्त गप बसायचं. जमंल का?"

"जमेल," मी म्हणालो. मी आयुष्यात दिलेल्या पोकळ वचनांत हे बरंच वर बसेल.

रविवारी चाची आल्या, बुरखा, डोक्यावर टोपली, टोपलीवर पांढरं फडकं. मी दारातच टपून बसलेलो. गप बसायचं ठरलेलं असताना मी पुढं होऊन टोपली उतरवून घेतली आणि आत नेऊन ठेवली. आई माजघरातून बघत होती. "कधी घागर उचलली न्हाईस ती," ती म्हणाली, "टोपली बरी उचललीस."

मी ओसरीवर येऊन बसलो. माजघर भिंतीपलीकडं, दार उघडं. आधी आईचा हात, मग चुलतीचा. बांगडी भरायची चाचींची पद्धत अशी की हात दाबताना काहीतरी विचारायचं. "मुरूमची पाहुणी गेली का?" आई "गेली की, काल…" म्हणेपर्यंत बांगडी मनगटावर. दुखायला वेळच द्यायच्या नाहीत.

मग चाची म्हणाल्या, "आणि दुल्हन?"

"तिला काय," आई म्हणाली, "दिवाळीतच भरल्यात. वाटलं तर दोन-दोन साध्या हिरव्या घाल. जात्यावर फुटायच्याच."

"माकणीला बहिणीचं लगीन हाय म्हणं हिच्या?"

"तुला गं कुणी सांगितलं?"

"बाजारात काय लपतंय बाई! आता लग्नात चार बायका जमतील. हात हिचा धरतील आणि नाव तुमचं घेतील."

आई विचार करत होती. आईला विचार करायला नेहमीच वेळ लागायचा, हे मला जन्मापासून माहीत होतं. पण भिंतीपलीकडं ती शांतता लांबत गेली तशी माझी खात्री होत गेली की आता साध्या हिरव्या येणार, बायको लग्नाला जाणार नाही, आणि सगळं संपणार. मला राहवेना. मी ओसरीवरून ओरडलो,

"चाची, ती तळातली पुडी दाखवा की!"

आत सगळं बंद झालं. चुलतीच्या हातातल्या नव्या काचांचा आवाजसुद्धा.

"ह्याला गं काय ठाऊक तळात पुडी हाय ते?" आई म्हणाली.

चाचींनी पापणी लवायच्या आत उत्तर दिलं. "टोपली त्यांनीच आणली ना आत. आणताना वाजली असंल."

"व्हय," आई म्हणाली. "ह्याला वाजण्यावरनं रंग बी कळला असंल."

पुडी उघडल्याचा आवाज आला. मी उठून दाराच्या कडेनं बघितलं, तर आई मोरपंखी बांगड्या खिडकीपाशी नेऊन उजेडात धरून बघत होती. फिरवून फिरवून बघितल्या. "चांगल्या हायत," ती म्हणाली. "भर."

चाचींनी माझ्या बायकोचा हात मांडीवर घेतला. आणि भरता भरता, सहज म्हणून, टोपलीतून ती जुनी हिरवी बांगडी काढून आईपुढं ठेवली. "ही तुमची माझ्याकडं राहिली होती बघा."

"माझी?" आईनं बांगडी ओळखली. "ही तर गेल्या आठवड्यापर्यंत न्हाणीच्या कोनाड्यात होती!"

तिनं दाराकडं बघितलं. मला एकाएकी मारुतीच्या दर्शनाची आठवण झाली. चप्पल शोधायला लागलो.

"जाऊ नको," आई म्हणाली. "ये हिकडं. आलाच हायस एवढा पुढं, तर बघून जा कशा दिसत्यात."

सगळ्यांदेखत. चुलती तोंडाला पदर लावून. मी माजघरात जाऊन उभा राहिलो आणि दिवसाच्या लख्ख उजेडात, लग्नानंतर पहिल्यांदा, बायकोचा हात नीट बघितला. बारीक होता, बोटं लांब, अंगठ्याजवळ चुलीचा एक डाग. आणि रंग सावळा होता, चांगला सावळा. मी जी पावडर घेऊन ठेवली होती ती या घरात फक्त भिंतीला चालली असती. बायकोची मान खाली होती, पण खांदे हलत होते. आधी मला वाटलं रडतेय. हसत होती.

"आवडल्या का?" आईनं मला विचारलं.

"बऱ्या आहेत," मी म्हणालो. एवढ्या खटाटोपानंतर माझ्या तोंडून एवढंच निघालं.

"बऱ्या म्हणं," आई चाचींना म्हणाली. "ह्याला काय कळतंय. ह्याच घालून जाईल ती माकणीला."

पैसे आईनं द्यायला काढले. खरं तर दुकानात मी ते आधीच देऊन ठेवले होते. चाची आईचे पैसे घेऊन गेल्या आणि दुसऱ्या दिवशी चाचांनी माझे मला परत केले, वर पावडरचा डबाही बदलून दिला. डबा उघडलेला होता, तरी घेतला. फक्त म्हणाले, "आता उजेडात बघितलंत ना?"

माघात आम्ही माकणीला गेलो. लोहाऱ्यापर्यंत मोटार, पुढं सासऱ्यांनी पाठवलेली बैलगाडी. बायको सबंध वाट हात मांडीवर ठेवून बसली होती, गाडीच्या धक्क्यानं एखादी फुटेल म्हणून. आणि एवढं करून तिला अजून भीती होतीच. मांडव दिसायला लागल्यावर मला म्हणाली, "ती आली असंल का?"

आली होती. लग्न लागलं, पंगत बसली. जावई म्हणून मला पुढचं पान. माझ्या मागंच एक कापड ताणून पलीकडं बायकांची बसायची जागा केलेली. जिलबीला हात घालतोय तोच मागून आवाज आला. सोलापूरचा.

"बघू गं हात."

मी जिलबी खाली ठेवली. पलीकडं काचा वाजल्या. एकदा, पुन्हा एकदा. हात उलटसुलट फिरवून बघत असणार.

"वर्खाच्या हायत," चुलतबहीण म्हणाली. "धाराशिवात कुठल्या दुकानात मिळतात ह्या?"

"दुकानात कोण जातंय?" माझी बायको म्हणाली. तिचा असा आवाज मी घरात कधी ऐकला नव्हता. "मनियारीण घरी येती आमच्या. सासूबाई पुढं बसवून भरून घेतात. एकेक काच उजेडात बघून."

"आणि ते? नवऱ्यानं न्हाई घेतल्या?"

"त्यांना काय कळतंय त्यातलं!"

शेजारी बसलेल्या पाहुण्यानं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवून दुजोरा दिला आणि जिलबी तोंडात घातली. मग सोलापूरचा आवाज आला, पण आता खालच्या पट्टीत.

"मी कधी धाराशिवला आले तर बोलाव की तिला."

"बोलवीन," बायको म्हणाली. "पण आधी सांगून ये. सासूबाईंना विचारावं लागंल."